मित्रासाठी विचारतोय

सिस्टरबाईंनी पुरुषांच्या मूत्रविकार वॉर्डात अठ्ठावीस वर्षं काढली होती. पुरुष जे जन्मभर झाकून ठेवतो, ते त्यांनी इतक्या वेळा धुतलं, पुसलं, त्यात नळी घातली आणि काढली, की त्या अवयवाचं त्यांना ना कौतुक उरलं होतं ना किळस. कोपर असतं, गुडघा असतो, तसंच ते. फरक एवढाच की गुडघ्याच्या मालकाला गुडघ्याचा गर्व नसतो.

निवृत्तीनंतर घरात बसून माश्या मारण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी ही नोकरी धरली. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत तीन बाया हिरवी पावडर काळ्या कॅप्सुलांत भरायच्या. बाहेर एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र. कॅप्सुलचं नाव 'महामेरू'. घरी त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. औषध कंपनीत सल्लागार आहे, इतकंच म्हणाल्या होत्या.

मालक मनाने वाईट नव्हता, त्याला खरं बोलायला सवड मिळत नसे इतकंच. हीच पावडर त्याने आधी टकलावर केस उगवायला विकली होती आणि त्याच्याही आधी जनावरांचं दूध वाढवायला. पण केस उगवले नाहीत हे आरशात दिसतं आणि दूध वाढलं नाही हे मापात. "या धंद्यात मात्र," तो समाधानाने सांगे, "गिऱ्हाईक चार लोकांत उभं राहून तक्रार करत नाही."

फोन करणाऱ्याला विचारायचे तीन प्रश्न त्याने सिस्टरबाईंना कागदावर लिहून दिले होते. वय किती, त्रास कधीपासून, आणि कोर्स एक महिन्याचा हवा की तीन. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं काहीही येवोत, तिसऱ्याचं उत्तर 'तीन' असं आधीच ठरलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात बाईंना कळून चुकलं की मैत्री निभावावी तर पुरुषांनीच. फोन करणाऱ्याला स्वतःला कधी काही झालेलं नसे. सगळा त्रास मित्राला. तो मित्र फार लाजाळू असे, किंवा शेजारीच बसलेला असे पण नेमका त्याचा घसा बसलेला असे.

"मित्राला विचारायचंय, लांबी वाढते का?" एकाने विचारलं.

"मित्र किती वर्षांचा?"

"सव्वीस."

"मग आता त्याची उंची वाढायची नाही आणि तेही. मधल्या मापाचं असतं बहुतेकांचं. मी शेकड्यांनी पाहिलीत."

पलीकडून हळूच आवाज आला, "शेकड्यांनी?"

"हजार धरा. आणि सगळ्यांना आपलंच लहान वाटत होतं."

त्याने इतक्या मोकळेपणाने आभार मानले की ऑर्डर द्यायची राहूनच गेली.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडच्या माणसाने दोनदा घसा खाकरला, एकदा बारीक आणि एकदा दणकून. "नमस्कार. एका मित्रासाठी विचारतोय." तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, "अहो, वरची टाकी भरली का बघा जरा."

तो आवाज सिस्टरबाईंच्या धाकट्या बहिणीचा होता. आणि ते खाकरणं तिच्या नवऱ्याचं.

धाकटीचा नवरा म्हणजे घरातला जाहीर मर्द. चार माणसं जमली की हा टेबलावर कोपर टेकवून पुतण्यांना पंजा लढवायला बोलवायचा. डॉक्टरकडे जाणं हे बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम, असं त्याचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगत असे.

बाईंनी ताठ बसून आपला वॉर्डातला आवाज काढला. घाबरलेल्या माणसाला तसाही कुणाचा आवाज ओळखू येत नाही.

"वय?"

"बावन्न. म्हणजे, अंदाजे."

"त्रास कधीपासून?"

"वर्ष झालं. असं तो म्हणतो."

आता कोर्स विचारायचा. बाईंनी कागद पालथा घातला. "रात्री लघवीला किती वेळा उठतो?"

"ते कशाला हवंय?"

"सांगा."

"चारदा. कधी पाचदा."

"तहान?"

"तांब्या उशाशीच लागतो."

"पायाला मुंग्या येतात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या घरात कुणाला साखर होती?"

"मित्राच्या आईला होती," तो म्हणाला. त्या आईचं पाऊल शेवटी कापावं लागलं होतं. तिच्या जखमेची पट्टी सिस्टरबाईंनी स्वतः महिनाभर बदलली होती.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "ते काही स्नायू नाहीत, तालमीत जाऊन कमवायला. हाड तर नाहीच. आत स्पंजासारखं असतं, रक्त भरलं की उभं राहतं. तिथल्या रक्ताच्या नळ्या बारीक असतात, त्यामुळे नळ्या बिघडायला लागल्या की पहिली बोंब बहुतेकदा तिथेच होते. हृदयाची पाळी नंतर येते. तेव्हा याला कमजोरी म्हणू नका, ही नोटीस आहे. मित्राला म्हणावं, उद्या उपाशीपोटी साखर तपास. रिपोर्टशिवाय आम्ही माल पाठवत नाही."

"जाहिरातीत तसं काही नाही."

"नवीन नियम आहे," बाई म्हणाल्या. नियमाचं वय तेव्हा अर्धा मिनिट होतं.

दोन दिवसांनी परत फोन आला. या वेळी खाकरणं एकच, तेही बारीक. "तीनशे दहा म्हणजे जास्त का?"

"आजच डॉक्टरकडे जा. आत्ता."

"जातो," तो म्हणाला. मित्राची आठवण दोघांनाही राहिली नाही. मग त्याने विचारलं, "हिला सांगावं लागेल का?"

"एका घरात राहता ना? सांगा."

नवीन नियमाची बातमी मालकाला लागायला आठवडा लागला. तो चिडला नाही, दुखावला गेला. "बाई, तुम्ही गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवता? अहो, डॉक्टरकडे जावं लागू नये, हेच तर आपण विकतो." त्याने स्वतः बसून सगळ्या नंबरांना फोन लावले, माफी मागितली आणि तीन-तीन महिन्यांचे डबे रवाना केले. धाकटीच्या नवऱ्यालाही एक डबा गेला.

तीन महिन्यांनी पत्र आलं. मालकाने आतल्या बायांना बाहेर बोलावून ते मोठ्याने वाचलं. महामेरूने माझ्या मित्राचा कायापालट केला, रात्रीची झोप लागते, पायांच्या मुंग्या गेल्या, मित्राला पंचविशीत आल्यासारखं वाटतं. त्यात साखरेवरच्या गोळ्यांचा उल्लेख नव्हता, पहाटे तासभर चालण्याचा नव्हता, डॉक्टरचा तर नव्हताच. मालक म्हणाला, हे आता डब्यावर छापू.

सिस्टरबाईंना आधी हसू आलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे असा एखादा आला, जो डब्यावरचं हे वाचून तपासणीला जाणार नाही. त्यांनी पर्स उचलली, पालथा कागद सुलटा करून ठेवला आणि जिना उतरल्या, त्या परत चढल्या नाहीत.

पुढच्या रविवारी त्या धाकटीकडे जेवायला गेल्या. नवरा वाळला होता, पण तजेला आला होता. जेवणानंतर त्याने एक गोळी घेतली, ती जीवनसत्त्वाची असल्याचं सगळ्यांना सांगितलं आणि वनस्पतींच्या ताकदीवर पुतण्यांपुढे बोलू लागला. बहिणी भांडी घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"वर्षभर बाहेरच्या खोलीत झोपत होते, ताई," धाकटी नळ सोडत म्हणाली. "पाठ दुखते म्हणायचे. मला वाटलं, दुसरीकडे कुठे मन गुंतलंय. मग वाटलं, मीच बघण्यासारखी उरले नाही. केस रंगवले. त्यांचं लक्षही गेलं नाही."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर रोज बायका बसलेल्या असत. अठ्ठावीस वर्षांत सिस्टरबाईंनी त्यांच्याकडून सह्या घेतल्या होत्या, कधी काही विचारलं नव्हतं. त्या धाकटीच्या शेजारी उभ्या राहून ताटं पुसू लागल्या.

"काय झालं होतं ते सांगितलं का तुला?"

"साखर सांगितली. बाकीचं मी समजले, एवढी भोळी नाहीये मी. एक वाक्य आधी बोलले असते तर माझं वर्ष वाचलं असतं." तिने एक ताट दोनदा विसळलं. "आता बोलतात. रात्री पडल्या पडल्या काहीबाही सांगत बसतात. बरं वाटतं."

"आणखी कसलं औषध घेतात का?"

"कपाटावर लपवलाय एक डबा, काळ्या कॅप्सुलांचा. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना असलं काहीबाही पोटात नको, म्हणून आला त्याच दिवशी मी सगळ्या उघडून रिकाम्या केल्या. आत कोंडा भरला. साखरेला चांगला म्हणतात."

सिस्टरबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "आणि पावडर?"

"कुंडीतल्या गुलाबाला घातली."

"मग गुलाब कसा आहे?"

धाकटीने खिडकीतून बाहेर नजर टाकली. "होता तेवढाच आहे," ती म्हणाली आणि कढई घासायला घेतली.