दोन इंचांचा वाद

शुक्रवार, सकाळचे नऊ. स्थळ: दोघा भावांच्या सामाईक गॅरेजातील मागची शेड, जिच्या फरशीचा मूळ रंग कोणता याविषयी आता केवळ तर्क करता येतो. या वेळी, या जागी थोरल्याची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवण्यात आली, तिची चाके काढून भिंतीला टेकवण्यात आली, आणि कामाला अर्धा दिवस लागेल असे थोरल्याच्या बायकोला सांगण्यात आले.

हा अंदाज खरा होता, हे येथेच नमूद केले पाहिजे. सायलेन्सरचा वाकलेला पाइप सरळ करायचा आणि झिरपणारे ऑइल थांबवायचे, इतकेच काम होते. थोरल्याची बायको परिचारिका. सहा वर्षे दर मंगळवारी ती स्वतः ही गाडी चालवत ओढ्यापलीकडच्या खाणीच्या वस्तीवर जाई आणि तेथील एका खोलीत आरोग्य केंद्र उघडी. ओढ्याला पूल नव्हता. पात्रातल्या खडकांवरून गाडी न्यावी लागे, आणि गेल्या मंगळवारी ती खाली कुठेतरी आपटली होती. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचा नियम एका ओळीचा होता: सलग तीन मंगळवार खोली उघडली नाही, तर केंद्र बंद. तो तिने त्या सकाळी दोघांना पुन्हा ऐकवला.

"वहिनी, मंगळवारला अजून चार दिवस आहेत," धाकटा म्हणाला. "चार दिवसांत आम्ही विमान करून देऊ."

"विमान नको, भाऊजी. होती तशी द्या."

दोघे पाठीवर सरकत गाडीखाली गेले, आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो लोखंडी गोळा असतो, त्यावर थोरल्याला ताजा ओरखडा दिसला. गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर धाकट्याला ताजा पोचा दिसला.

"गोळा आपटलाय," थोरला म्हणाला. "जमिनीपासून आठ इंच. सगळ्यात खाली तोच. टायर मोठे घातले की गोळा वर. दुसरा उपाय नाही."

"दादा, तो ओरखडा जुना आहे. पोट आपटलंय. पुढची चाकं खडक उतरली की पोट टेकतं. चाकांवरच्या स्प्रिंगचे कमानपाटे बदल, पोट वर येईल."

"पाटे बदलून गोळा वर येतो?"

"नाही येत. यायची गरजच नाही!"

"म्हणजे गाडी नुसती उंच दिसणार. कर तिचा उंट, आणि वर बसून शेळ्या हाक."

"आणि तुझे मोठे टायर मडगार्डला घासतील, त्याचं काय?"

"मडगार्ड कापू."

"काप. मग घरात फक्त नाकं राहिलीत, तीही काप."

दोघांचेही म्हणणे यंत्रशास्त्राच्या कसोटीवर निर्दोष होते, आणि खरी आपत्ती हीच होती. मूर्खांचा वाद दोघांतला एक उघडा पडला की संपतो. जाणकारांच्या वादाला ती सोय नाही. वाकलेला पाइप दोघांच्या छातीवर लोंबत होता. तो सरळ करावा असे दोघांनाही सुचले नाही, कारण त्याविषयी मतभेद नव्हता.

पहिला मंगळवार आला तेव्हा थोरल्याने मागवलेले टायर आले नव्हते आणि धाकट्याने जुने पाटे काढून ठेवले होते. परिचारिकेने वस्तीवर फोन करून दिलगिरी व्यक्त केली. शनिवारी थोरला बाहेर गेलेला पाहून धाकट्याने नवे पाटे बसवले. थोरला परतला, खाली वाकला, आणि त्याने बोट ठेवले ते अचूक दोषांवर: मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन जास्त तिरपा झाला होता, ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या होत्या. ते सुधारून घेता आले असते. त्याने पाटेच उतरवले.

दुसऱ्या मंगळवारी ती भाड्याच्या व्हॅनने ओढ्यापर्यंत गेली. व्हॅनवाला पाण्यात उतरायला तयार होईना. लशींची शीतपेटी उचलून ती एकटीच पात्रात शिरली, मधल्या खडकाशी शेवाळावरून घसरली, आणि पेटी तेवढी सावरून माघारी फिरली. दुपारी ती शेडच्या दारात उभी राहिली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती. उजवा गुडघा फुटला होता.

थोरला धावत पुढे आला. "तू ओढ्यात गेली होतीस?"

"गेले होते."

"मधला खडक कुठे लागला? गुडघ्याला की पोटरीला?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "गुडघ्याच्या खाली. वीतभर."

"टेप आण रे!" धाकटा टेप घेऊन आला. फुटलेल्या गुडघ्याखाली वीतभर सोडून त्याने तिच्या टाचेपर्यंत माप घेतले. "दादा, साडेनऊ इंच!"

"म्हणजे नुसत्या पाट्यांनी भागत नाही. मी काय म्हणत होतो?"

"नुसत्या टायरनीही भागत नाही. मी काय म्हणत होतो?"

दोघे हसले. बारा दिवसांत ते प्रथमच एकत्र हसत होते. आयोडीनची बाटली तिने आपली आपणच शोधली.

त्या मापाने तह झाला. टायरही बदलायचे, पाटेही बदलायचे. गोळ्याला दोन इंच, पोटाला चार. मडगार्ड कापले, नळ्या लांब घातल्या, शाफ्टचा कोन जुळवला. आठवडाभर दोघांनी असे काम केले की पाहणाऱ्याची दृष्ट लागावी. "मंगळवारी दहाला गाडी दारात," थोरल्याने बायकोला शब्द दिला. तिने तो खरा मानला आणि मंगळवारी व्हॅन सांगितली नाही. दहाला ती पेटी भरून पायरीवर बसली. एकला बर्फाचे पाणी झाले. संध्याकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा चारही चाके लावून झाली होती आणि थोरला तिसऱ्या टायरची हवा तपासत होता.

"अहो, आज मंगळवार होता."

"हवा चारही टायरांत सारखी असल्याशिवाय माप खरं येत नाही. उद्या मी स्वतः नेतो तुला. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"तीनच मंगळवार होते."

"वहिनी, घाईचं काम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," धाकटा गाडीखालून म्हणाला. वाक्य चुकीच्या जागी होते, पण ते तपासायला कोणी थांबले नाही.

बुधवारी अकरा वाजता परीक्षा झाली. अंगणात लाकडी ओंडके रचून दोघांनी गाडी त्यांवरून नेली. गोळा ओंडक्यावरून बोटभर अंतर राखून गेला. पोटाखालून थोरल्याने हात फिरवून दाखवला. गाडी तिरकी केली तरी चाक उचलले गेले नाही. असे काम त्या गॅरेजात पूर्वी झाले नव्हते, हे मान्य करण्यात कोणताही पक्षपात नाही.

तेवढ्यात ती फाटकातून आत आली. हातात केंद्राचे नेहमीचे रजिस्टर नव्हते. संस्थेच्या कार्यालयात खोलीची किल्ली जमा करून ती आली होती.

"वहिनी, अगदी वेळेवर आलात!" धाकटा कपड्याला हात पुसत म्हणाला. "आता तुम्हीच न्याय करा. सहा वर्षं ओढा तुम्ही ओलांडलाय. जास्त उपयोग कशाचा? टायरचा की पाट्यांचा?"

"खरं सांग हं," थोरला म्हणाला. "माझी बायको म्हणून नको सांगूस."

ती वाकली. दुखरा गुडघा जमिनीवर टेकून तिने गोळा पाहिला, पोट पाहिले, नळ्या पाहिल्या. सहा वर्षे खडकांवरून गाडी नेणाऱ्या माणसाला जे जे पाहावे लागते ते सर्व तिने घाई न करता पाहिले. मग ती उठली.

"केंद्र बंद झालं," ती म्हणाली. "रजिस्टर कालच्या तारखेनं मिटलं. सोमवारपासून मला इथंच कार्यालयात बसून टपालावर नंबर घालायचे आहेत."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याच्या हातात टेप तसाच उघडा होता.

"आणि गाडी?" त्याने विचारले.

"गाडी उत्तम झाली आहे," ती म्हणाली. "विकून टाका."