वाओंडो आजोबांचे पाण्याचे शब्द

अचोला बाईंनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला तो दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा. तळ्याकाठी म्बिताच्या धक्क्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दारात ओमेना वाळत पडलेला, चांदीच्या भुशासारखी बारीक मासळी, आणि तिचा वास माझ्या हरेक की-बोर्डात शिरलेला.

"ओडेरा, याला एकदाचं खरं कर," बाई म्हणाल्या.

"खोटं काय आहे यात?"

"कोपऱ्यात ती ओळ येते ना, प्रत अधिकृत नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात नैरोबीहून संग्रहालयाची माणसं यायचीत, आजोबांचे शब्द न्यायला. त्यांना काय चोरीच्या भांड्यात वाढू?"

लॅपटॉप जुना, परदेशातून कंटेनरमधून आलेला. विकणाऱ्यानं त्यात यंत्र चालवणाऱ्या प्रणालीची साधी, होम आवृत्ती टाकून दिली होती, तीही उसन्या कीवर, म्हणजे दुसऱ्याच्या परवाना-क्रमांकावर. संग्रहालयानं पाठवलेल्या अटींच्या यादीत मात्र वरची, प्रो आवृत्ती लिहिलेली. म्हणून बाईंनी किसुमूला जाऊन प्रोचं खरं लायसन्स आणलं होतं. पाकीट अजून फोडलं नव्हतं. तीन वर्षं ती एक ओळ त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

मला शब्दांचं ठाऊक होतं. सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं. म्फांगानो बेटावर वाओंडो आजोबा राहतात. आमच्या वाडवडिलांची सुबा भाषा आता आम्ही बोलत नाही, लुओ बोलतो. आजोबांना ती येते. जमिनीवरचे शब्द त्यांनी बाईंना अंगणात बसून दिले, वहीत लिहून घेऊ दिले. पण वाऱ्याची नावं, लाटांची नावं, जाळं ओढतानाच्या हाका, हे पाण्याचे शब्द. ते पाण्यावरच बोलायचे, असा त्यांचा नेम. त्यासाठी तीन वर्षं दर शनिवारी बाई त्यांच्या होडीत बसल्या. कागद भिजतो, म्हणून फोनवर आवाज धरला आणि घरी येऊन या लॅपटॉपमध्ये भरला. फोन पुढे तळ्यातच पडला. आजोबांचं कमरेचं हाड मोडलं आणि होडी काठाला लागली ती लागलीच.

"आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ का?" मी विचारलं.

"किती वेळ लागेल?"

"आवाज आहेत. चार तास तरी."

बाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांना त्याच दिवशी बेटावर पोचायचं होतं, आणि शेवटची नाव चारला सुटते. "फायली जातात का रे यात?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण तोंड माझं, जीभ माझी. "बाई, असे शंभर केलेत मी. फायली जागच्या जागी राहतात. होमचं प्रो होतं, एवढंच. चहा पिऊन या."

नवी की टाकली. यंत्रानं ती घेतली. मग अर्ध्या वाटेत यंत्र अडलं. असं अडलं की मी नेहमी करतो तेच केलं: नव्यानं सुरू कर, फायली ठेव. शंभरदा केलेलं. गोल चक्र फिरत राहिलं. बाई चहा पिऊन आल्या, माझ्यासाठी कागदात तळलेली गोड मंदाझी घेऊन. पडदा उजळला.

पडद्यावर कुठल्याशा थंड देशातल्या विमा कंपनीचं नाव. खाली लिहिलेलं, हे यंत्र आमचं आहे, स्वागत असो, ऑफिसच्या पत्त्यानं आत या.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

मला कळायला वेळ लागला. यंत्र कधीकाळी त्या कंपनीचं होतं आणि कंपनीच्या वहीतून त्याचं नाव कधी खोडलंच गेलं नव्हतं. होम आवृत्तीला जुन्या मालकाची हाक ऐकू येत नाही. प्रोला येते. आम्ही त्याला कान दिले आणि ते मालकाच्या हाकेला ओ देऊन बसलं.

बाईंना मी हे सांगितलं. आमच्याकडे गाय दुसऱ्याच्या गोठ्यात सांभाळायला ठेवतात. दूध काढा, शेण वापरा, पण मालक दारात आला की दावं सोडून द्यायचं. बाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सांभाळायची गाय होती ही. आणि मी तिला खरी करायला निघाले."

शेवटची नाव गेली. मी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली. कुलूप. यंत्र कंपनीचं झालं तसं डिस्कलाही कंपनीचं कुलूप बसलेलं; ते अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतं, आणि ती किल्ली कंपनीकडे.

आम्ही कंपनीला लिहिलं. बाईंची इंग्रजी शाळेतल्या फळ्यासारखी स्वच्छ. तीन दिवसांनी उत्तर आलं, अगदी गोड. आमच्या नोंदीनुसार हे यंत्र मोडीत काढून नष्ट केलेलं आहे, ते आपल्याकडे असू शकत नाही. किल्ली बाहेरच्या कुणाला देता येत नाही. आपला दिवस चांगला जावो.

पुन्हा लिहिलं, तर तेच पत्र आलं. बाईंनी संग्रहालयाच्या माणसांना फोन करून महिनाभरानं यायला सांगितलं.

"शिव्या तरी द्या मला, बाई."

"देऊन काय होणार? उद्या माझ्याबरोबर बेटावर चल. तुझे हात तरी उपयोगी पडतील."

आजोबा दारात पाय पसरून बसले होते. बाईंनी नवा फोन पुढे धरला. "आजोबा, पहाटेचा वारा, जाळं फाडणारा. त्याला काय म्हणायचे?"

"जमिनीवर?" आजोबा हसले. "वेडी झालीस का गं पोरी?"

मी तळ्याच्या पाण्याचं घमेलं आणून त्यांचे पाय त्यात ठेवले. "हे पाणीच ना, आजोबा?"

"हे पाय धुवायचं पाणी. यात मासा कुठाय? आधी मासा सोड, मग बोलतो."

तेव्हा आम्ही त्यांना खुर्चीसकट उचललं. वजन ते काय, सुकलेल्या जाळ्याएवढं. गुडघाभर पाण्यात शिरलो आणि त्यांना होडीत टेकवलं. होडी डुलली, आणि आजोबांचा चेहरा असा उघडला, जशी सकाळी खिडकी उघडावी. त्यांनी वाऱ्याकडे गाल केला. ओठ हलले. बाईंनी फोन त्यांच्या ओठांजवळ नेला.

शब्द आला. तो लुओ होता. मी घरी बोलतो तोच, बाजारातला.

आजोबांनाही ऐकू आलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तोच. मग बाईंनी लाटेचं नाव विचारलं, तर ते हातानं लाट दाखवायला लागले. हात बरोबर वर जाई, बरोबर खाली येई. नुसता हात.

"राहू दे," ते म्हणाले, दुखऱ्या कमरेवर हात ठेवून. जराही वाईट वाटलेलं नव्हतं त्यांना. "मी कशाला डोकं शिणवू? सगळं तुझ्या पेटीत ठेवलंय ना, पोरी? दिलं तेव्हाच मी मोकळा झालो. त्यातून काढ."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो आजोबा," त्या म्हणाल्या. "त्यातच आहे सगळं."

फोन त्यांच्या हातात चालूच होता. होडीच्या पोटावर पाणी थापट्या मारत होतं, आणि फोन तेवढंच धरून ठेवत होता.