त्रेसष्ट गोल पाहिलेला हातमोजा

खडखड, खडखड!

घरात सगळं सामसूम होतं आणि दुधाच्या पातेल्यावरचं झाकण एकदम नाचायला लागलं. आई धावत आली, खुंटीवरून मला ओढलं, हातात चढवलं आणि पातेलं उतरवलं. दूध वाचलं. माझं मधलं बोट मात्र आणखी थोडं करपलं.

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. उजवा. माझा डावा भाऊ हल्ली सायकलची साखळी पुसतो, त्यामुळे आमचं फारसं बोलणं होत नाही. आज मला बघून तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आम्ही दोघं आंतरराष्ट्रीय खेळाडू आहोत. एका जागतिक विक्रमात आमचा वाटा आहे. विक्रम समोरच्या संघाने केला, ही गोष्ट वेगळी.

कारखान्यात मला जाड फोम लावून शिवलं, ते मोठ्या मैदानावरच्या फुटबॉलसाठी. दुकानातल्या एका टोपलीत मी उलटा पडलो होतो, तिथून मला आईने उचललं. ती लाँड्रीत इस्त्री करायची आणि आमच्या चिमुकल्या देशाच्या बायकांच्या फुटसाल संघात गोल राखायची. संघात लेकुरवाळी ती एकटीच, म्हणून सगळ्या तिला आईच म्हणत. मोटार चालवायला शिकवणारे एक काका आमचे प्रशिक्षक होते, तेही आईच म्हणत.

फुटसाल म्हणजे छताखाली, गुळगुळीत जमिनीवर पाच-पाच जणींनी खेळायचा फुटबॉल. त्याचा चेंडू लहान, जड आणि उसळायचा भारी कंटाळा असलेला. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! आम्ही कागदाच्या गोदामात साध्या टपटप उसळणाऱ्या फुटबॉलने सराव केला. कोणी शंका काढलीच, तर काका म्हणायचे, "बॉल तो बॉल! गाडी कुठलीही असो, स्टिअरिंग गोलच असतं."

परदेशी निघताना आईची पाच वर्षांची लेक, चिमणी, दारात आडवी उभी राहिली.

"आई, एक तरी बॉल पकड हं. नुसता ढकलायचा नाही. पकडायचा आणि मला दाखवायचा."

"दाखवीन."

"नक्की?"

"नक्की. तू बाबांच्या मोबाईलसमोर बसून राहा."

आणि सामना सुरू झाला. पहिला चेंडू आला. तो उसळेल अशा हिशेबाने आईने झेप घेतली. तो उसळला नाही. आम्ही हवेत, चेंडू जाळ्यात. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तर आईने आणखी उंच उडी मारली!

"ब्रेक! अगं पोरींनो, ब्रेक लावा!" काका ओरडले.

आमच्या कर्णधारबाई इस्पितळात नर्स होत्या. त्यांना सगळ्या सिस्टर म्हणत. धापा टाकत त्या ओरडल्या, "काका, गाडीच सुरू होत नाहीये, ब्रेक कशाला लावू?"

आईने चेंडू हाताने फेकायचा म्हटलं, तर माझ्या फोममुळे तो निसटायचा आणि थेट समोरच्या बाईच्या पायाशी जाऊन बसायचा. गुणफलक चालवणाऱ्या माणसाने बटणावरचं बोट उचलणंच सोडून दिलं होतं.

मध्यंतरात काका हळूच म्हणाले, "पोरींनो, तिघींनी पाय मुरगळला म्हणून बसा. तिघींहून कमी उरल्या की सामना आपोआप बंद. बदली कोणी नाहीच आपल्याकडे."

सिस्टर लगेच पाय धरून बसल्या. "माझा तर खरंच दुखतोय बाई."

"चिमणी बघत बसली असेल," आई म्हणाली. "मी निघून आले तर काय दिसेल तिला? रिकामं जाळं?"

"आणि आत्ता काय दिसतंय गं तिला?" सिस्टरनी विचारलं.

आईच फिसकन हसली. हसता हसता सगळ्यांचे डोळे भरून आले आणि सगळ्यांनी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या.

गोल काही थांबले नाहीत. शेवटची मिनिटं उरली तेव्हा जाळ्यातला चेंडू उचलताना तो आईच्या हातून खाली पडला. धप्प! ओल्या चादरीचा गोळा पडावा तसा. ती बघतच राहिली.

"अगं, हा उसळतच नाही!"

"आत्ता कळलं का तुला?" सिस्टर म्हणाल्या.

"कळणार कसं? या जाड्या मोज्यांतून हाताला काही समजतं का?"

आणि मित्रांनो, तिने आम्हाला काढलं आणि खांबाशी भिरकावलं. कुठलाही चेंडू लागला नसेल इतकं ते मला लागलं.

पुढचा फटका जमिनीलगत आला. या वेळी आई उडाली नाही, खाली बसली. चटाकन आवाज झाला. चेंडू तिच्या उघड्या तळहातांत होता! सगळं सभागृह उभं राहिलं. समोरच्या बायकासुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. आईने चेंडू कॅमेऱ्याकडे उंच धरला. मग छातीशी घट्ट धरला आणि सोडेचना. चार सेकंदांत तो सोडायचा असतो! पंच बोटांवर सेकंद मोजत होते.

"सोड! आई, क्लच सोड!" काका किंचाळले.

शिट्टी वाजली. समोरच्यांना फ्री किक मिळाली आणि त्यावर त्रेसष्टावा गोल झाला. आमचा शून्य. विक्रम! आई मात्र हसत होती, कारण चिमणीने बघितलं होतं.

मित्रांनो, जिंकलेल्या चषकांना कपाटात सगळेच जागा देतात. हरताना जे सोबत होते, त्यांनाही एखादी खुंटी द्या. आणि कृपा करून त्यांना हातात घालून गरम पातेली उचलू नका.

आज दूध उतरवलं तेव्हा चिमणी ओट्याशीच उभी होती. आता मी तिच्या हाताला जवळजवळ बरोबर बसतो.

"आई, तो बॉल तू मोजे काढून पकडलास ना?"

"हो."

"यांनी तर एकही पकडला नाही."

"नाही."

"मग इतकी वर्षं यांना जपून का ठेवलंस?"

आईने पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पातेलं तर केव्हाच खाली ठेवून झालं होतं, पण हात तिने माझ्यातून काढला नव्हता.