नळाबद्दल आभार

माझ्या मेहुणीचे पत्र चौदा महिने टेबलाच्या खणात पडून होते. ज्या सकाळी सुनेने प्लंबरला बोलावले, त्या सकाळीही ते तिथेच होते. खण उघडला की आधी तेच दिसे, म्हणून मी खण उघडणेच सोडले. माझा नवा चष्मा त्याच खणात होता. मी जुन्यावर भागवत होतो.

पत्र मोठे नव्हते. मला ते पाठ आहे.

“भावजी, फोनवर मला रडू येतं, आणि तुम्ही तर फोनवर बोलतच नाही, म्हणून लिहिते. यांना अंथरुणाला खिळून आता वर्ष होईल. दिवसातून चाळीस वेळा हाक मारतात. उशी वर कर, उशी खाली कर. खिडकी उघड, खिडकी लाव. काल मी हातातला पेला आपटला. ताई असती तर तिने याबद्दलही देवाचे आभार मानले असते. मीही रोज प्रयत्न करते. शब्द तोंडातून निघतात आणि राग आत तसाच राहतो. ताईला हे खरंच जमत होतं का? शेवटच्या आजारातसुद्धा? तुम्ही तिच्याजवळ होतात. खोटं सांगू नका. दोष माझ्यात आहे की त्या रीतीत, एवढं तरी मला कळू दे.”

रीत म्हणजे आमच्या घरची. माझ्या बायकोने सुरू केलेली. संध्याकाळी जेवायला बसले की डोळे मिटायचे, आणि त्या दिवशी ज्या गोष्टीने डोके फिरवले असेल तिच्याबद्दल प्रत्येकाने देवाचे आभार मानायचे. चांगल्या गोष्टींबद्दल नाही. “चांगल्याबद्दल कुणीही मानतं,” ती म्हणायची, “गोड बोलणाऱ्याशी आपणही गोड बोलतो, त्यात काय मोठं?” मुलगा लहानपणी गणिताच्या सरांबद्दल दातओठ खाऊन आभार मानायचा. ती स्वतः मानायची वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणाऱ्यांबद्दल, लाथ मारल्याशिवाय न लागणाऱ्या कपाटाच्या दाराबद्दल, आणि जवळजवळ रोज स्वयंपाकघरातल्या गळत्या नळाबद्दल. माझी पाळी आली की मी काहीतरी पुटपुटत असे. मी स्वभावाने भिडस्त, देवाशीसुद्धा. “भीड भिकेची बहीण,” असे ती मला दर आठवड्याला ऐकवायची. पण पालथ्या घड्यावर पाणी.

प्लंबर पन्नाशीचा असावा. त्याने नळाखालचे पातेले बाजूला सारले, नळ दोनदा उघडबंद केला आणि मला विचारले,

“आजोबा, हा कधीपासून गळतोय?”

“अठरा वर्षं.”

“महिने म्हणायचंय का?”

“नाही. वर्षं.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे पाहिले. “आणि अठरा वर्षं तुम्ही केलं काय?”

मला खोटे बोलता येत नाही असे नाही. वेळेवर सुचत नाही, एवढेच. “आभार मानले,” मी म्हणालो.

“कुणाचे?”

“देवाचे.”

त्याने पिशवीतून पाना काढला. “घ्या! सगळे असंच करायला लागले तर आमच्या घरी चूल पेटायची कशी?” सून खळखळून हसली. मीही हसलो, पण कशाला हसतो आहे ते मला कळत नव्हते.

दहा मिनिटे लागली. त्याने आतला वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढे काळे रबर, एका बाजूने झिजलेले. “एवढंच होतं बघा,” तो म्हणाला, आणि पिशवी उचलून निघून गेला.

घर एकदम शांत झाले. नळ गळायचा थांबला की इतके ऐकू येते हे मला माहीत नव्हते.

“बरं झालं बाई,” सून ओटा पुसत म्हणाली. “आईंना किती त्रास व्हायचा त्या टपटपीचा.”

“तुला सांगायची ती?”

“सांगायच्या की. डोकं उठतं म्हणायच्या. मी म्हटलं, आणते मी कुणाला तरी बोलावून. तर म्हणाल्या, नको. त्यांना आणू दे. एकदा तरी त्यांना आपणहून कुणाला तरी हाक मारू दे.”

“असं म्हणाली?”

“अहो बाबा, कितीदा!” तिने माझ्याकडे वळून पाहिले आणि फडके पिळता पिळता थांबली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हते. मी छत्तीस वर्षे एका शाळेच्या ग्रंथालयात काम केले. कुणी काही विचारले की कपाटापाशी जायचे, पुस्तक काढायचे, पान उघडून समोर ठेवायचे. स्वतःला काही बोलावे लागत नसे. पुस्तकांत कुठे काय आहे ते मी झोपेत सांगितले असते. माझ्याच स्वयंपाकघरात इतकी वर्षे कुणीतरी माझी वाट पाहत होते, ते मला कळले नाही. मला वाटत होते, ती खरोखरच नळाबद्दल आभार मानते आहे.

की खरोखरच मानत होती? इथेच माझे सगळे अडते.

शेवटच्या दिवसांत तिचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणला होता. तिला टेबलापाशी बसवत नव्हते, म्हणून टेबलच पलंगापाशी नेले. एका संध्याकाळी आम्ही डोळे मिटले आणि ती म्हणाली, “देवा, नळाबद्दल तुझे आभार. अजून गळतोय. आणि तो दुरुस्त न करणाऱ्या माणसाबद्दलही आभार. तोही अजून...” आणि मग तिच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा असेल. हुंदकाही असेल. माझे डोळे मिटलेले होते. आमेन म्हणून मी ते उघडले तेव्हा ती भिंतीकडे वळली होती आणि चादरीची कड सरळ करत होती. मी विचारले नाही. नऊ दिवसांनी ती गेली.

मेहुणीला नेमके हेच हवे होते. ती हसली असे लिहावे, तर कदाचित ते खोटे. रडली असे लिहावे, तर ज्या काठीच्या आधाराने ती बाई चालू पाहते आहे, ती काठीच मी काढून घेतो. ग्रंथालयातून निवृत्त होताना मी जुन्या सूचीपत्रांचा एक गठ्ठा घरी आणला होता. त्यांच्या कोऱ्या पाठींवर मी या उत्तराची तेवीस वेळा सुरुवात केली. ‘तुझे पत्र पावले’ याच्या पुढे एकही गेली नाही. एकदा चर्चच्या पाळकांना विचारावे म्हणून मी उपासनेनंतर दाराशी थांबलो. त्यांनी हात हातात घेऊन “कसं काय, बरं आहे ना?” म्हटले. मी “बरं आहे” म्हणालो आणि घरी आलो.

आणि आता हा वायसर. माझ्या आळसालाच तिने देवाने दिलेली परीक्षा मानले का? आणि मी ते तिला मानू दिले का? मी तो वायसर सदऱ्याच्या खिशात टाकला. मग काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा खिशात टाकला.

दुपारी बाराला सवयीने उठून मी स्वयंपाकघरात गेलो. नळाखालचे पातेले त्या वेळेला भरत आलेले असे, आणि ते खिडकीतल्या कुंडीत ओतणे हे घरातले माझे एकमेव काम होते. प्लंबरने बाजूला सारलेले पातेले सुनेने पुन्हा जागेवर ठेवले होते. मी ते उचलले. ते कोरडे होते. ते मी उलटे करून पाहत होतो, तोच सून आत आली.

“बाबा, काय हवंय?”

“एक विचारू का?” मी म्हणालो. माझे मलाच नवल वाटले. “त्या संध्याकाळी, नळाबद्दल बोलताना, ती हसली की रडली?”

कोणती संध्याकाळ ते तिला सांगावे लागले नाही. “मीही डोळे मिटले होते, बाबा.”

“मग कुणाला माहीत असणार?”

“ज्याच्याशी बोलत होत्या त्याला.” तिने पातेले माझ्या हातातून काढून घेतले. “पण हे आज कुठून निघालं?”

मी खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिले. तिने उभ्याउभ्याच वाचले. तारीख पाहिली.

“चौदा महिने? अहो बाबा!”

“मला उत्तर सापडत नव्हतं. जमत होतं की नव्हतं, ते नक्की माहीत असल्याशिवाय...”

“मावशी रीत कुठे विचारतायत?” तिने पत्र माझ्यापुढे धरले. बोट पेल्याच्या ओळीवर होते. “त्या दमल्यात. इतकी पुस्तकं वाचलीत तुम्ही, आणि हे पत्र कसं वाचलंत?”

तिच्या बोलण्यात राग होता, आणि तो रास्त होता. मी ते पत्र पुन्हा वाचले. या वेळी नव्या चष्म्याने. त्यात प्रश्न होताच. पण चाळीस हाका, उशी, खिडकी आणि पेला त्याच्या आधी होते, आणि मी दर वेळी त्यांच्यावरून उडी मारून प्रश्नाकडे गेलो होतो. ग्रंथालयात कुणी धापा टाकत आले, तरी मी त्याला आधी पुस्तकच द्यायचो, खुर्ची नव्हे.

उत्तर एका बैठकीत लिहून झाले.

“तुझं पत्र मिळालं. चौदा महिने झाले, त्याला माफी नाही. ताईला जमत होतं का, ते मला माहीत नाही. मी डोळे मिटून बसलो होतो. ती हसली असेल किंवा रडली असेल. नळ मी दुरुस्त करायला हवा होता. तो आज झाला, तोही सुनेने केला. तू पेला आपटलास ते वाचलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी सकाळच्या बसने येईन आणि संध्याकाळी परत जाईन. उशी वर, उशी खाली, एवढं मला जमेल. त्यांना वाचूनही दाखवीन. त्या दिवशी तू बाहेर जा. कुठेही जा. नको म्हणू नकोस. दुसऱ्यांदा विचारायचं धैर्य मला होणार नाही.”

पाकिटासाठी पुन्हा खण उघडला. दर नव्या वर्षी माझी बायको बारा पाकिटे घेऊन बसायची आणि बाराही पाकिटांवर बहिणीचा पत्ता लिहून ठेवायची. पत्ता लिहिलेला असला की त्या महिन्याचे पत्र टाळता येत नाही, असे तिचे म्हणणे. त्यांतले एक उरले होते. खणाच्या तळाशी, सूचीपत्रांखाली.

“माझ्याकडे कोरी आहेत, बाबा,” सून म्हणाली. “त्यावर तर आईंचं अक्षर आहे. ते राहू द्या ना.”

“हो. राहू द्यावं,” मी म्हणालो, आणि पत्र त्याच पाकिटात घातले. का, ते मला नीट सांगता आले नाही. तो पत्ता दोन वर्षे खणात पडून होता आणि कुठेच पोचत नव्हता, एवढेच वाटले. मग मनात आले, दारात पाकीट पडेल, मेहुणी अक्षर पाहील, आणि तिचे काय होईल? मी ते पुन्हा उलटसुलट केले. शेवटी मागच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिले: ‘घाबरू नकोस. आत मी आहे.’

टपालपेटी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. मी हात फटीपर्यंत नेला आणि थांबलो. आभार मानावेत असे वाटत होते. कशाबद्दल, ते ठरेना. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. घराच्या क्रमांकातला इंग्रजी आठ ती नेहमी शेवटाला जरा उघडा सोडायची. तो एकदा पाहून घेतला आणि बोटे सैल केली.

आत एकदाच टप्प झाले.