मला घासू नका

मित्रांनो, जवळ यायचं तर नाक दाबून या. मी एक जुना बाथटब आहे. माझं पांढरं अंग शेवाळाने हिरवं झालं आहे आणि पोटातल्या पाण्याला चिखलाचा वास येतो. असल्या गोष्टींची मला जन्मभर किळस वाटत आली. तरीही आज मी तुमच्याकडे जे मागणार आहे, ते ऐकून तुम्ही हसाल.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो. लोणावळ्याला भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात मला बसवलं. सुट्टीला माणसं यायची, धरणावर लोळून चिखलाने माखायची आणि तशीच माझ्यात उतरायची. त्यांचे केस माझ्या भोकात अडकायचे. कडेने साबणाची आणि मळाची काळी रेघ उमटायची. शी! पण रोज सकाळी कामाच्या मावशी पावडर लावून मला घासत आणि मी पुन्हा चकाकू लागे. मग कोणीतरी माझ्यावरून हात फिरवून म्हणायचं, काय सुंदर टब आहे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

पुढे बंगल्याचं रूप पालटलं आणि मला मागच्या अंगणात फेकून दिलं. नळाची कामं करणारे भिकाजी तिथे कामाला होते. त्यांनी मला टेम्पोत घालून तिकोणा पेठेजवळच्या आपल्या वस्तीवर आणलं. मला वाटलं, न्हाणीघरात मानाची जागा मिळेल. कसलं काय! त्यांनी मला गोठ्यापुढे मांडलं आणि म्हशीने माझ्यात तोंड घातलं. तिच्या लाळेची तार माझ्या कडेवरून लोंबत राहायची. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, दुसरं काय.

पण म्हैस परवडली, असं म्हणायची वेळ अजून यायची होती.

एका उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीचा गाळ काढून तिला आतून सिमेंट लावायचं ठरलं. या विहिरीत बोटाएवढ्या मासोळ्या असतात. त्या डासांच्या अळ्या खातात आणि पाणी राखतात. गाळ काढताना त्यांना बाजूला काढून कोणाच्या तरी घरी सांभाळायचं आणि मग परत सोडायचं, अशी इथली रीत आहे. आदल्या वर्षी डेंगीने घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली होती. त्यामुळे या वेळी साऱ्या वस्तीचा जीव मासोळ्यांत अडकला होता. भिकाजींच्या पत्नी सरूबाई पुढे झाल्या.

"मी संबाळते. पर हिरीचा नवा सिमिट धुवून निघंस्तवर कुनी घाई करायची न्हाई," त्या म्हणाल्या.

गाळात बऱ्याच मासोळ्या मेल्या. ओंजळभर उरल्या, त्या माझ्या पोटात आल्या.

काय सांगू तुम्हाला! बुळबुळीत अंगाच्या त्या मासोळ्या दिवसभर मला घासून जायच्या. सरूबाईंनी ओढ्यातलं शेवाळ आणून माझ्यात सोडलं. मासोळ्यांनी त्यात अंडी घातली आणि लगेच मागे वळून आपलीच अंडी खायला सुरुवात केली. असली आई मी जन्मात पाहिली नव्हती. मग सरूबाईंनी मच्छरदाणीचा तुकडा आडवा बांधून मोठ्या मासोळ्या एका बाजूला कोंडल्या. दुसऱ्या बाजूला पिल्लं निघाली. पिल्लू म्हणजे काय, दोन डोळे आणि एक धागा.

त्यांचं जेवण तर विचारूच नका. गोठ्यामागे एक पिंप होतं. त्यात पाणी, मूठभर शेण आणि कुजका पाला. ते पाणी हिरवं होऊन नुसतं घाण मारायचं. त्यातलं तांब्याभर रोज माझ्यात ओतलं जाई. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात असतात, तेच पिल्लांचं दूध, असं सरूबाई सांगत. पिल्लं जरा मोठी झाली की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायचा, तोही चिमटीएवढाच. खाऊन उरलेला तळाशी बसला की सरूबाई नळीला तोंड लावून ते पाणी ओढून काढत. कधी घोट तोंडात जाई. त्या थुंकत, पदराने तोंड पुसत आणि पुन्हा नळी तोंडाला लावत. शी! पण माझ्या पाण्यासाठी आजवर कोणी आपलं तोंड खराब केलं नव्हतं, हेही खरं.

सरूबाईंचा मुलगा अतुल लोणावळ्याला हॉटेलात कामाला आहे. त्याच्यासाठी मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती.

"आये, ह्ये काय दारात? पाव्हनं थुकतील," तो म्हणाला.

"पिल्लं हायती त्यात."

"पिल्लांला न्हाई धक्का लावत. नुसतं घासून घेतो."

त्याने मासोळ्या आणि पिल्लं पातेल्यांत काढली. माझ्यातलं शेवाळ उपसून मागच्या पिंपात भिरकावलं आणि मला खसाखसा घासलं. मग नवं पाणी भरून, मच्छरदाणी बांधून सगळ्यांना परत सोडलं. किती वर्षांनी मी पांढरा झालो होतो! मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो.

पाहुणे आले. अंगणात शिरताच त्यांची नजर माझ्यावर पडली. मुलीच्या आत्या चिमाबाई चिवड्याची बशी घेऊन जवळ आल्या.

"अगं बया, मासं! किती ग्वाड," म्हणून त्यांनी चिमूटभर चिवडा टाकला. मग ज्याने त्याने टाकला. कोणी शेव, कोणी लाडवाचा चुरा.

"लय टाकू नगा, पोटं ल्हान हायती त्यांची," सरूबाई कसंनुसं हसत म्हणाल्या.

"खाऊ द्या की इहीनबाई. पुन्य लागतं."

अजून सोयरीक ठरली नव्हती आणि चिमाबाई त्यांना विहीण म्हणाल्या होत्या. सरूबाईंचा पुढे आलेला हात मागे गेला. मुलीकडच्यांना नको कसं म्हणायचं?

सकाळी माझ्यातलं पाणी नासलेलं होतं. वर तेलाचा तवंग, तळाशी फुगून बुळबुळीत झालेली शेव. मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या आणि पिल्लं धुळीसारखी तळाला बसली होती. मित्रांनो, मळ, लाळ, शेण सगळ्याची किळस मी सोसली. पण त्या सकाळी मला माझ्या पांढऱ्या अंगाचीच किळस आली.

"वस्तीला काय त्वांड दावू?" म्हणत सरूबाई माझ्या कडेवर डोकं टेकून बसल्या.

भिकाजींनी मला उपडं केलं. आता हिरव्या पाण्याचा तरी काय उपयोग, म्हणून सरूबाई पिंपही उपसायला गेल्या. तांब्या वर आला आणि त्या थबकल्या.

"आवो, हिकडं या. जित्ती हायती."

अतुलने फेकलेल्या शेवाळात अंडी चिकटलेली होती. त्यातून पिल्लं निघाली होती. त्या पिंपाच्या घाणीने एकही पाहुणा तिकडे फिरकला नव्हता. भिकाजींनी मला सुलटं केलं आणि सरूबाईंनी ते सगळं पिंप माझ्यात ओतलं. वास तोच होता, पण मी नाक मुरडलं नाही.

पावसाळा सरता सरता विहिरीत मासोळ्या गेल्या. थोड्या पुढच्या वेळेसाठी माझ्यात ठेवल्या आहेत. अतुलचं लग्नही झालं. परवा चिमाबाई भाचीला भेटायला आल्या, त्या मूठभर फरसाण घेऊन सरळ माझ्याकडे. वाकल्या, आणि हात तिथेच थांबला.

"शी! काय ही घान," त्या म्हणाल्या आणि फरसाण त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकलं.

बंगल्यात माझं पुष्कळ कौतुक झालं, पण त्या 'शी'ची सर कशालाच नाही.

म्हणून मित्रांनो, लहान जिवांना त्यांच्या पोटाएवढंच द्या, आपल्या हौसेएवढं नको. कधी इकडे आलात आणि मला पाहून ओकारी आली, तर खुशाल तोंड फिरवा. पण एवढी विनंती आहे, मला घासू नका.