सळीच्या सावलीतली काच

मी एक जुनी काच आहे. पण छपरावर नेऊन ठेवलेली नव्हे, मित्रांनो. आम्ही अठरा काचा म्हणजेच छप्पर. पेरूमधल्या अरेकिपा शहरातल्या या घरावर आम्हाला बसवले वास्तुरचनाकार यानेथबाईंनी. पाऊस अडवायचा आणि उन्हाची वीजही करायची. त्या विजेवर घरमालकीण दॉन्या निएवेसचा फ्रीजर चालतो. दालचिनी घातलेले दूध गोठवून ती दारातच विकते. घर त्यावर चालते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी माना वर करून आमचे कौतुक केले. यानेथबाई मात्र कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहत होत्या. त्यातून लोखंडी सळ्या पुरुषभर वर आलेल्या. बाईंनी निएवेसच्या नवऱ्याला विचारले,

"दॉन एलेउतेरियो, या कापायचं ठरलं होतं ना?"

"कापून कसं चालेल, बाई? वरचा मजला आमच्या पोराचा, एफ्राइनचा. लिमाहून आला की बांधेल."

"कधी येणार?"

"येईल की. सळ्या काय जेवायला मागतात?"

आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर अशा सळ्या आहेत. गंज नको म्हणून टोकावर बाटली उपडी घालतात. घर पूर्ण झाले असे कोणीच म्हणत नाही.

दुपारी दोनला आमच्या सळ्यांची सावली माझ्यावर येते. बोटाएवढीच. पण आम्ही विजेच्या एकाच साखळीत जोडलेल्या. माझ्यावर सावली पडली, की सगळ्या जणी

थांबतो. हे असे. दर दुपारी, गिऱ्हाईक येते त्याच वेळी. दूध पातळ होते. निएवेस ते मोरीत ओतते आणि वर बघून म्हणते, "नुसती शोभेची."

मला म्हणते. सळीला नाही.

एलेउतेरियो मला साबणाने घासतो. अकरा वर्षे तो सावली पुसत

आहे.

गेल्या रविवारी एफ्राइनचा फोन आला. त्याने लिमात सहाव्या मजल्यावर घर घेतले.

"मिळाला त्याला वरचा मजला," निएवेस म्हणाली. "आता काप, म्हाताऱ्या."

तो करवत घेऊन वर आला. मी वाट पाहिली. त्याने करवत सळीला लावली, काढली. जुनी बाटली उन्हाने तडकली होती. ती काढून त्याने नवी घातली. मोठी, तीन लिटरची.

"कापलीस?" खालून आवाज आला.

"उद्या पोराच्या नातवाला मजला लागला तर?"

मित्रांनो, काचेचे छप्पर जरूर करा. मात्र आधी डोक्यावर काय काय राखून ठेवले आहे ते बघा, आणि काच घासण्यापूर्वी एकदा मान वर करा. दोन वाजत आले. निएवेसने आताच झाकण उघडले आहे, आणि दारात तीन मुली