चंदेरी रंगाखालचा आवाज

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आवाज गेलेला होता. घशाच्या ऑपरेशनात गेला. दशावतारात राजा होऊन ज्यांनी रात्री गाजवल्या, ते काशीराम माझ्याशी फक्त हातवारे करून बोलत. मला तो आवाज एकदा तरी ऐकायचा होता. पण घरात साधी कॅसेटसुद्धा नाही!

आणि एक दिवस वेंगुर्ल्याहून भिकाजीकाकांचा फोन आला. बाबांच्या नाटक कंपनीत ते पेटी वाजवायचे. दूरदर्शनने पूर्वी रेकॉर्ड केलेलं बाबांचं नाटक रविवारी दुपारी चार वाजता परत दाखवणार होते. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, पण नुसतं बघून काय करायचं? दोन तासांत गेलं वाऱ्यावर. ते कायमचं जपून ठेवायला हवं होतं.

माझा नवरा निकेत मुंबईहून रजा टाकून आला. सोबत डिश अँटेनाची छत्री आणि कॉम्प्युटरात बसवायचं टीव्हीचं कार्ड. घरातल्या त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स. त्यावरून आमची भांडणं झालेली, पण ते जाऊ दे. शुक्रवारी छत्री गच्चीवर चढवली, मीटर लावला, सिग्नल उत्तम. "आता स्कॅन चालवलं की चॅनेल आपोआप सापडतील, मग रेकॉर्डिंग करायचं," म्हणाला.

शनिवारी स्कॅन चालवलं. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ, प्रत्येकीत तेच: जमलं नाही. त्याने फ्रिक्वेन्सीची फाईल बदलली, कार्ड काढून परत बसवलं. चॅनेल शून्य.

"सकाळपासून थंयच बसलंस, जेवूक नको तुका?" सासूबाई, चंद्रावती, दारातून ओरडल्या. "गावला काय रे कायव?"

"नाय गो आये."

"अहो, विंडोज घातलं असतं तर!" मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण जीभ माझी. लिनक्सवाल्यांचा ईमेलवर एक ग्रुप होता, तिथे त्याने सगळी हकीगत लिहून पाठवली. मला मनातून वाटलं, रविवारच्या दिवशी कोण रिकामटेकडा बसलाय उत्तर द्यायला?

रविवारी सकाळी इंटरनेटसाठी फोनची तार जोडून बघतो तर उत्तर! कोणी फिनलंडचा माणूस. निकेतने मोठ्याने मराठीत करून सांगितलं: "तुझी फाईल बरोबर आहे, कार्डही दिसतंय. शुक्रवारी सिग्नल होता, मग त्यानंतर छत्रीला कोणी हात लावला? छत्रीपुढच्या दांड्यावर सिग्नल पकडणारा डबा असतो, त्याच्या तोंडावर पाणी, घाण, रंग, असं काही आहे का?"

बाबांच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. ते उठले आणि तडक गच्चीवर गेले. मागोमाग आम्ही. डबा लख्ख चंदेरी! खाऱ्या वाऱ्याने गंजेल म्हणून खिडकीच्या गजांचा उरलेला रंग त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी त्यावर फासला होता. तोंडासकट! त्या रंगात धातूची पूड असते, म्हणजे सिग्नलला दारच बंद. निकेतने कपाळावर हात मारला. बाबा रॉकेलचा बोळा घेऊन पुसत बसले, मान वर करेनात.

"असूंदे हो बाबा," मी म्हटलं. "माझ्या माहेरी, कट्टा गावात, माझ्या बापसाने तर शेगडीसुद्धा रंगवली होती."

ते हसले. मग आम्ही खाली आलो. स्कॅन लावलं आणि चॅनेलांची नावं भराभर पडद्यावर उतरू लागली. आम्हाला हवं होतं तेही!

चार वाजता रेकॉर्डिंग सुरू झालं. मुकुट घातलेला राजा पुढे आला, प्रधानावर गरजला. मला वाटलं होतं, आवाज दणदणीत असेल. तर चांगला गोड होता, जरासा नाकातून येणारा. असा बोलत होता होय हा माणूस!

"असोच ओरडायचो माझ्यार," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मीही रडले, कशाला लपवू.

नाटक संपलं, फाईल नीट साठली. बाबांनी देवाच्या फोटोकडे बोट केलं, मग माझ्याकडे. म्हणजे, तू गाऱ्हाणं घाल. देवापुढचं हे मागणं पुरुषांनी मोठ्याने घालायचं आणि बाकीच्यांनी त्याला होकार भरायचा असतो म्हणतात, पण मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! जो माणूस आमका वळखना नाय, आमची भाषा जाणना नाय, तेना आज आमच्या बाबांचो आवाज आमका परत दिल्यान. तेका, तेच्या पोराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी बाबांचे ओठ हलले. नुसतेच हलले, पण मला स्वच्छ ऐकू आलं, "व्हय म्हाराजा!"